हरलेल्याच्या घरचा चहा

ताई,

रविवारी तुमच्या शोकसभेत लोक खळखळून हसले. तुम्ही असता तर सगळ्यात मोठ्यानं तुम्हीच हसला असता, म्हणून हे आधी सांगतो.

इथे लखनऊत, वृंदावन योजनेतल्या आपल्या पार्कात सतरंज्या अंथरल्या होत्या. तुमचा फोटो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टेकवून ठेवला होता, पुढे मेणबत्त्या होत्या, आणि सकाळभर साचलेलं धुकं नुकतंच विरून ऊन पडलं होतं. तुमच्या अमोलनं बुद्धवंदना म्हटली. तोवर सगळे माना खाली घालून गंभीर बसले होते. मग आपल्या सोसायटीचे सचिव श्रीवास्तवजी उठले, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "मेश्राम जी ने हमारे यहाँ भी चाय पी थी।"

झालं. मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि बघता बघता अख्खं पार्क हसायला लागलं. तिवारी वहिनींना राहवेना. त्या उठून म्हणाल्या की आमच्याकडे तर दोनदा प्यायल्या होत्या, आणि हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की जणू सरकारनं घरी येऊन शाल पांघरली होती. त्यांच्यामागून आणखी लोक उठले. जो तो आपल्या घरचा चहा सांगत होता.

अमोल बावरला. तो पुण्यात राहतो, त्याला काय माहीत. आईच्या शोकसभेत हे चहाचं काय चाललंय, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला बाजूला घेऊन तुमचा नियम सांगितला. सांगता सांगता मलाच हसू आवरेना.

नियम तसा साधा होता. कुठल्या घरातून तक्रार आली की तिची चौकशी पुरी होईपर्यंत तुम्ही त्या घरचा चहा घ्यायचा नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडचाही नाही. पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली घेऊन फिरायचात. आणि निकाल ठरला की पहिला चहा हरलेल्याच्या घरी. जिंकलेल्याकडे दुसऱ्या दिवशी. जिंकलेल्याला काय, तो खुशीतच असतो, एक दिवस थांबतो. हरलेल्याकडे मात्र लगेच गेलं नाही तर तो कायमचा तोंड फिरवतो, असं तुमचं म्हणणं. त्यामुळे तुम्ही निकाल कधी जाहीर केलाच नाही. तुम्ही दारात उभं राहून "चाय पिलाइए" म्हणालात की त्या माणसानं समजून जायचं, आणि चहा होईस्तोवर तुम्ही त्याला त्याचं काय चुकलं ते शेजारी बसून सांगायचं. श्रीवास्तवजींना तुम्ही त्यांच्याच सोफ्यावर बसून सांगितलं होतं की गल्लीचं पाणी पालिका चोरत नाही, नळाला लावलेला तुमचा टुल्लू पंप खेचतो. ते लाल झाले होते म्हणे. तुम्ही त्यांना म्हणालात, बिस्किटं खारी आहेत का? आणि टुल्लू दुसऱ्या दिवशी निघाला.

तिवारी वहिनींचा खांबावरचा दिवाही मला आठवतो. दिवा लागत नाही म्हणून त्यांनी दोनदा तक्रार केली आणि दोन्ही वेळा दिवा लागलेलाच होता, त्यांच्याच कडुलिंबात दडून. पण तुम्ही नेहमी रहिवाशांनाच हरवायचात असंही नाही. नाली साफ केल्याचं सांगून पैसे उचलणाऱ्या त्या ठेकेदाराला तुम्ही नालीपाशी बोलावलंत, काठीनं गाळ वर काढून दाखवलात, आणि मग त्यालाच म्हणालात, आता चहा पाजा. तो पाजेना. तुम्ही तिथे टपरीवर बसून राहिलात, शेवटी त्यानं पाजला. नाली त्याच आठवड्यात उपसली गेली.

पालिकेच्या झोन ऑफिसातले बाबू आपल्या सेक्टराच्या तक्रारी पूर्वी न वाचताच बाजूला ठेवायचे. त्यांचंही खरं होतं, अर्ध्या तक्रारी शेजाऱ्याशी भांडण म्हणून केलेल्या असायच्या. तुम्ही निवृत्त झालात, चारबागच्या रेल्वे ऑफिसात जन्मभर प्रवाशांच्या तक्रारी हाताळल्या होत्यात, तेव्हा तुम्ही सोसायटीला म्हणालात, आधी मी जाऊन बघते, खरी असेल तीच पुढे पाठवा. पद नको, मानधन नको. बघता बघता अशी वेळ आली की "मेश्राम जी देख चुकी हैं" एवढं सांगितलं की त्या ऑफिसातून माणूस यायचा.

मला तुम्ही पहिल्यांदा कुठे भेटलात आठवतंय ना? तेलीबागच्या बाजारात. बँकेनं माझी नुकतीच इथे बदली केली होती. मी एका सब्जीवाल्याशी मटारच्या भावावरून तावातावानं भांडत होतो, आणि तो मात्र "आप नाराज़ न हों, भैया" म्हणत होता. या शहराचं हेच मला सोसत नाही. भांडणातही 'आप' म्हणतात, मग भांडणाला चव कुठून येणार? मी वैतागून मराठीत पुटपुटलो. मागून आवाज आला, "काहून भांडून राहिला रे त्याच्याशी? माझ्याशी भांड. मी मराठीत भांडते."

तेव्हापासून भांडलोच आपण. तुम्ही नागपूरच्या, मी साताऱ्याचा. तुमचा 'जय भीम', माझा 'नमस्कार', आणि लगेच सुरू. दर शनिवारी तुम्ही आमच्याकडे यायचात, वैशाली आलं घालून चहा करायची, आणि आमची ईशा आपलं सगळं ऐकून हिंदीत विचारायची, "आप लोग इतना झगड़ते क्यों हो?" तुम्ही तिला सांगायचात की बेटा, इथे दुसरं कोणी मिळत नाही.

आपला मोठा वाद एकच होता. मी म्हणायचो, ताई, तुम्ही आपल्या बाजूनं उभं राहा. आपण कर भरतो, घरपट्टी भरतो, वेळच्या वेळी भरतो. पालिकेच्या बाजूनं बोलायला त्यांचं अख्खं ऑफिस आहे, तुम्ही कशाला त्यांचं ऐकून घेता? तुम्ही शांतपणे बशीत चहा ओतायचात आणि म्हणायचात, मी कोणाच्याच बाजूची नाही, मी नालीच्या बाजूची आहे. मला याचा फार राग यायचा. नालीला काय बाजू असते?

एका शनिवारी तुम्ही ते सांगितलंत. वैशाली आत होती, तुम्ही आवाज जरा उतरवलात. नोकरीत नव्या होतात तेव्हा तुमच्याविरुद्ध तक्रार आली होती, की ही बाई लोकांशी उर्मट बोलते, खिडकीत बसत नाही. "कोणी बघायला नाही आलं रे, महेश. मी खिडकीतच बसून होते. त्यांनी माझं आडनाव वाचलं आणि खरं धरलं." पगारवाढ गेली, ते वेगळं. तुम्हाला लागलं ते हे, की कोणी दहा पावलं चालून बघितलंसुद्धा नाही. "म्हणून मी बघायला जाते. बाकी काही नाही." मग लगेच म्हणालात, चहा थंड झाला, दुसरा दे. मी उठून दुसरा कप आणला. त्या दिवशी भांडणही झालं नाही, आणि घरी जाताना तुम्ही मला दारात म्हणालात, आज काही मजा नाही आली.

आणि मग दिवाळीनंतर मीच तक्रार केली.

आमच्या नळाला पाणी येईना. येईना म्हणजे करंगळीएवढी धार. आपल्या सेक्टराच्या ट्यूबवेलवर बसंतलाल ऑपरेटर आहे, सकाळी तो पंप चालू करतो आणि ठरलेल्या वेळी बंद करतो. माझी खात्री पटली की तो वेळेआधी बंद करतो. शेजाऱ्यांना विचारून उपयोग नव्हता, सगळ्यांकडे स्वतःच्या बोअरवेलवर समर्सिबल पंप बसवलेले, त्यांना सरकारी पाणी येतं की नाही याचा पत्ताही नसतो. मी सोसायटीत तक्रार दिली आणि तुमच्याकडे आली. बसंतलाल ठेक्यावरचा माणूस. ठेकेदाराच्या मुनशीनं, त्याच्या कारकुनानं, सांगूनच टाकलं होतं, मेश्रामजी म्हणाल्या तर आजच काढतो. तेलीबागच्या एका खोलीत त्याची बायको आणि म्हातारे वडील राहतात, हे मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, काम नीट करायचं नाही तर काढतीलच.

त्या शनिवारी तुम्ही आलात, आणि वैशालीनं कप पुढे केला तर तुम्ही पिशवीतून बाटली काढलीत. मी म्हटलं, ताई, हे काय, मी आहे. तुम्ही म्हणालात, "हो ना बाप्पा, तूच आहे. म्हणूनच." मग मला विचारलंत, कधीपासून पाणी कमी आहे? मी म्हटलं, दिवाळीपासून. तुम्ही विचारलंत, दिवाळीत घरी काय झालं? मी म्हटलं, लाडू झाले. वैशाली हसली, तुम्ही नाही हसलात. तुम्ही म्हणालात, लाडवांशिवाय? मला राग आला. मी म्हटलं, तुम्ही त्याची चौकशी करताय की माझी? "दोघांची," तुम्ही म्हणालात, आणि बाटलीतलं पाणी प्यायलात.

पुढचे किती शनिवार तसे गेले. तुम्ही यायचात, भांडायचात, पाणी प्यायचात, जायचात. थंडी वाढत चालली होती, शेजारी सगळे गच्चीत शेंगदाणे फोडत उन्हात बसायचे, आणि आमच्या दिवाणखान्यात एका बाजूला वाफाळता चहा आणि दुसऱ्या बाजूला तुमची ती गार बाटली. वैशाली मला म्हणायची, मागे घ्या ना ती तक्रार, त्यांना चहा तरी पिऊ दे. मी म्हणायचो, सत्याचा प्रश्न आहे. आणि तुम्ही रोज सकाळी कानटोपी घालून ट्यूबवेलवर जाऊन उभ्या राहायचात, बसंतलाल कधी चालू करतो, कधी बंद करतो, ते बघायला. मला वाटायचं, आता पकडतीलच.

मग तुमच्या छातीत कफ झाला आणि सगळं फार भराभर झालं. मी दवाखान्यात आलो तेव्हा तुमच्या तोंडावर मास्क होता. तुम्ही मला बघून हात वर केलात आणि कप तोंडाला लावल्यासारखं केलंत. मला वाटलं तुम्हाला चहाची तल्लफ आलीय. मी म्हटलं, बऱ्या व्हा, आलं घालून करतो, पण आधी माझी चौकशी संपवा. तुम्ही मास्कच्या आत हसायला लागलात. इतक्या हसलात की ठसका लागला, आणि नर्सनं मला बाहेर काढलं. मी खूश होतो, म्हटलं ताई हसल्या म्हणजे बऱ्या होणार. तुमचं माझं ते शेवटचं.

आता रविवारकडे येतो. तुमच्यावर बोलायची पाळी माझी आली तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं, की या पार्कात मी एकटा असेन, ज्याच्याकडे ताईंनी तो चहा घेतला नाही. दिवाळीनंतर त्यांनी आमच्या घरी कप हातात धरला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रीवास्तवजी माझ्याकडे बोट करून म्हणाले, म्हणजे पाठकजी हरले नाहीत. म्हणजे ऑपरेटर हरला. बसंतलाल मागे भिंतीला टेकून उभा होता, शालीत गुंडाळलेला. त्याला विचारलं, तुझ्याकडे प्यायल्या का? तो म्हणाला, "हमारे यहाँ नहीं पी, साहब।" एवढंच, आणि खाली बघत राहिला.

श्रीवास्तवजींनी मग सुचवलं, ही मेश्रामजींची शेवटची तक्रार, अपुरी राहू नये. आपण उद्या ऑफिसला कळवू, की स्वर्गीय मेश्रामजींनी बघितलं आहे, तक्रार खरी आहे. तुमच्या नावाला तिथे कोणी नाही म्हणणार नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला खरंच वाटलं, ताई, की ही तुम्हाला श्रद्धांजली आहे.

घरी आलो. आई देवघरापाशी वाती करत बसली होती. आई थंडीत साताऱ्याहून आमच्याकडे आली ती तुम्ही आजारी पडायच्या जेमतेम दोन दिवस आधी, तुम्हाला माहीतच आहे, आणि इथे तिला लखनऊही कळत नाही आणि हिंदीही. मी सभेचं सगळं तिला सांगितलं, सगळे कसे हसले, आपल्या घरी ताईंनी कसा चहा घेतलाच नाही.

आईनं वात खाली ठेवली. "त्या नागपूरच्या बाई व्हय? घेतला की चहा. आजारी पडायच्या आधी आल्या होत्या, तुम्ही कोणी नव्हता. स्वतः मागून घेतला. गवती चहा घातला होता मी, दुसरा कपही घेतला."

मी उभाच राहिलो. काही म्हणाल्या का, मी विचारलं.

"म्हणाल्या, महेशला सांगा, मी चहा पिऊन गेले."

मग मला का नाही सांगितलंस, मी जवळजवळ ओरडलोच. आई माझ्याकडे बघत राहिली. तिला कळेना मी कशासाठी ओरडतोय. "आता आलेलं माणूस चहा घेणारच की. त्यात सांगायचं काय?"

ताई, तुम्ही इतक्या घरांत गेलात, इतक्या हुशार माणसांना समजावलंत, आणि निकाल सोपवलात कोणाकडे, तर जिच्या घरातून कोणी चहा न पिता गेलंच नाही अशा बाईकडे. हसावं की रडावं तेच मला कळेना. दोन्ही झालं. आणि मग मला तुमचा तो दवाखान्यातला हात आठवला.

पण मी हरलो कसा? आईला विचारलं, त्या काय करत होत्या. आई म्हणाली, काही नाही, फाटकापाशी वाकून बघत होत्या, मोगऱ्याची कुंडी सरकवली. मी म्हटलं मी मदत करते, तर नको म्हणाल्या. ती कुंडी जड आहे रे, तेव्हापासून तशीच आहे, तूच ठेव परत जागेवर.

मी गेलो. कुंडी खरंच एका बाजूला होती. ताई, मी रोज तिला वळसा घालून बँकेत जात होतो. जिथं ती असायची तिथं फरशीत एक चौकोनी खाच आहे आणि खाचेत पाण्याचा कॉक. दिवाळीत आम्ही अंगणातल्या फरशा बदलल्या होत्या. मिस्त्रीनं काम चालू असताना पाणी बंद केलं असणार आणि जाताना अर्धंच उघडलं असणार. वर मी मोगरा ठेवला. लाडवांशिवाय काय झालं, ते हे झालं.

तुम्ही बघितलंत आणि हात लावला नाहीत. ती तुमची पद्धतच होती, ज्याचं त्यानं उघडावं. मी खाली बसलो, दोन्ही हातांनी कॉक फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं तेव्हा स्वयंपाकघरातून आई ओरडली, की बादली वाहून चालली, नळाला काय झालंय.

तसाच श्रीवास्तवजींकडे गेलो. ते कागद घेऊन निघायच्या बेतात होते. मी म्हटलं, नाही पाठवायचा. का विचारलं तर म्हटलं, आमच्याकडे प्यायल्या होत्या. त्यांनी मला मिठी मारली, ताई. इतके खूश झाले की बायकोला बोलावून सांगितलं, आता पाठकजी आपल्यातले झाले.

मग मी ट्यूबवेलवर गेलो. बसंतलाल पंपाच्या खोलीत हीटरवर हात शेकत बसला होता. मला बघून उठून उभा राहिला, चेहरा पडलेला. मी त्याला सांगितलं, तक्रार मागे घेतली, चूक माझ्या घरची होती. त्यानं नुसती मान हलवली. जणू त्याला आधीपासून माहीत होतं. मी विचारलं, तुला माहीत होतं?

तो तुम्हाला अम्मा म्हणतो. म्हणाला की अम्मा त्या दिवशी तुमच्याकडून निघून इथेच आल्या होत्या. म्हणाल्या, तिकडे पिऊन आले, तुझ्याकडचा उद्या, दूध आणून ठेव. त्यानं दूध आणून ठेवलं होतं. अम्मा आल्या नाहीत.

मी म्हटलं, अरे मग काल सभेत का नाही बोललास? सगळ्यांसमोर विचारलं होतं तुला.

"हम कहते तो आप मान लेते, साहब?"

मी त्याच्या बाकावर बसलो. तुमची ती खिडकीची गोष्ट मी इतकी वर्षं डोक्यात घेऊन फिरत होतो आणि मला वाटायचं की ती मला कळली आहे. मग मी त्याला म्हटलं, बसंतलाल, चहा पाज. अम्मांचा राहिलेला आहे, तो मी पितो. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, मग हसला, आणि पातेलं हीटरवर ठेवलं. आलं नव्हतं त्याच्याकडे, साखर मात्र भरपूर. त्यानं दोनच कप भरले, एक मला आणि एक स्वतःला, आणि आम्ही पंपाचा आवाज ऐकत प्यायलो. तो तुमच्याबद्दल बोलत होता, की रोज सकाळी येऊन उभ्या राहायच्या आणि पंप वेळेवर बंद झाला की म्हणायच्या, शाबास, आता घरी जाऊन पाठकला शिव्या देते.

दिल्याच नाहीत तुम्ही. द्यायला हव्या होत्या. आपलं भांडण असं तुमच्या बाजूनं संपवून तुम्ही निघून गेलात, हे मला मुळीच मान्य नाही. नालीला बाजू नसते, हे मी अजून म्हणतो. पण बघायला जायचं असतं, तेवढं कबूल.

श्रीवास्तवजी म्हणतात, आता ही चौकशी तुम्ही करा, पाठकजी. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण काल तिवारी वहिनी कचऱ्याच्या गाडीची तक्रार घेऊन आमच्याकडे आल्या. जाताना म्हणाल्या, या ना घरी, चहा घ्या. मी नको म्हटलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि मग डोळे पुसायला लागल्या.

आईला मी तो नियम सांगितलेला नाही. सांगितला तर ती पुढच्या माणसाला चहा द्यायच्या आधी दहा वेळा विचार करील. आज शनिवार. ती मघाशी म्हणत होती, त्या नागपूरच्या बाई फार बऱ्या होत्या, कपात थेंब ठेवला नाही.

तुमचा निरोप मिळाला, ताई.

महेश